हजेरीपटावरची ४७ मुले : ऊसतोडीच्या गावातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचे आहे. गाव, कारखाना, माणसे कोणाला ओळखता येऊ नयेत म्हणून नावे गाळली आहेत आणि परिस्थिती सारखीच असलेल्या शाळांमधले काही तपशील इथे एकत्र केले आहेत. आकडेही त्याच एकत्रित चित्रातले आहेत. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून सामाजिक न्यायाचे काम करायचे म्हणजे सोमवारी सकाळी नेमके काय करायचे, हे यातून दिसावे एवढाच हेतू.

पार्श्वभूमी

शाळा पहिली ते आठवी. पट १६३, त्यात पहिली ते पाचवी १०२ आणि सहावी ते आठवी ६१. गावात तीन वस्त्या. पाण्याची शेती थोड्यांकडे, बाकीच्यांकडे कोरडवाहू दोन-चार एकर किंवा तेही नाही. दसरा झाला की गाव निम्मे रिकामे होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल, ती फेडायला कोल्हापूर, सांगली, सोलापूर नाहीतर थेट कर्नाटकातले कारखाने. परत यायचे ते गुढीपाडव्याच्या आगेमागे. १९७२ च्या दुष्काळानंतर हे चक्र बळावले आणि आता तिसरी पिढी त्यात आहे.

मोठी माणसे जातात तेव्हा लेकरेही जातात. तान्हे मूल असेल तर ते सांभाळायला नऊ-दहा वर्षांची बहीण लागते. मुलगी वयात आली असेल तर तिला मागे ठेवायला आईबाप धजत नाहीत. मुलगा बारा-तेराचा झाला की वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करणे, मोळ्या बांधणे, बैल सांभाळणे ही कामे त्याच्याकडे येतात. शाळेच्या भाषेत ही मुले ‘स्थलांतरित’. पण या शाळेच्या कोणत्याही कागदावर तो शब्द नव्हता. आधीची तीन वर्षे शाळेचा शाळाबाह्य मुलांचा अहवाल शून्य होता.

जूनमध्ये बदली होऊन नव्या मुख्याध्यापिका आल्या. वीस वर्षांची नोकरी, त्यातली बरीच ऊसतोडीच्याच पट्ट्यात.

अडचण कशी उघडी पडली

कोणी तक्रार केली नव्हती. जुलैमध्ये त्यांनी मागच्या वर्षाची तीन कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवली: वर्गांचे हजेरीपट, पोषण आहाराची रोजची नोंदवही आणि डिसेंबरमध्ये आलेल्या आरोग्य तपासणी पथकाची यादी. पथकाने त्या दिवशी १०४ मुलांचे वजन-उंची मोजली होती. त्याच तारखेला हजेरीपटावर १५१ मुले हजर होती. फरक ४७.

मग त्यांनी सहावीच्या मुलांच्या वह्या मागवल्या. एकतृतीयांश वह्यांत दिवाळीनंतर थेट एप्रिलचा धडा. मधली पाने कोरी नव्हती, पानेच सुटलेली नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटच्या ओळीखाली एप्रिलची तारीख होती.

हा फरक मुलांच्या पोटाशीही जोडलेला होता. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ. त्या ४७ पैकी २९ मुले खालच्या वर्गांतली, १८ वरच्या. म्हणजे रोजचे ५ किलो ६०० ग्रॅम, शंभर दिवसांचे ५६० किलो. साडेपाच क्विंटलांहून जास्त तांदूळ कागदावर शिजला होता आणि ज्यांच्या नावावर शिजला ती मुले उसाच्या फडात होती.

शिक्षकांना विचारल्यावर कोणी नाकारले नाही. एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, “मॅडम, नावं गेली तर पद जाईल. पद गेलं तर परत आलेल्या पोरांना शिकवणार कोण?” हे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यात खोट नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ९१ ते १२० मुलांमागे चार शिक्षक, ६१ ते ९० मुलांमागे तीन. १०२ मधून २९ वजा केले की एक पद जाते. मुख्याध्यापकाचे पदही १५० च्या वरच्या पटाशी बांधलेले. संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि त्या तारखेला मुले गावातच असतात. त्यामुळे पटावर नावे असणे खरेच होते. खोटी होती ती त्यानंतरची रोजची हजेरी. पण ‘मूल नाही’ असे एकदा लिहिले की नाव कमी करायला सांगतील, या भीतीपोटी पट आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी शाळेने एक करून टाकल्या होत्या.

यात नुकसान कोणाचे, ते उघड आहे. सलग महिनाभर शाळेत नसलेले मूल शाळाबाह्य धरायचे, त्याच्यासाठी विशेष प्रशिक्षण, हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी कार्ड मागायचे. मूल कागदावर हजर असेल तर यातले काहीच मागता येत नाही.

आधी यादी

उपाय शोधण्यापूर्वी मुख्याध्यापिकांनी यादी केली. वर्गवार केली असती तर ती पुन्हा हजेरीपटासारखीच झाली असती, म्हणून कुटुंबवार. अंगणवाडी सेविका, शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन आया आणि एक शिक्षक असे चौघे संध्याकाळी घरोघर गेले, कारण दिवसा घरी कोणी नसते. प्रत्येक कुटुंबाचे रकाने असे: मुले आणि त्यांचे वर्ग, सहा वर्षांखालची भावंडे, मुकादम कोणता, कारखाना कोणता, निघण्याचा अंदाज, मागे घरात कोण राहणार, त्या माणसाचे वय आणि तब्येत, फोन कोणाकडे.

नऊ संध्याकाळी लागल्या. २९ कुटुंबे, ४७ मुले. आकडा वजाबाकीशी जुळला. याशिवाय गावाबाहेरच्या पारधी वस्तीवर सात मुले अशी सापडली की ती पटावरही नव्हती. जन्माचा दाखला नाही म्हणून पूर्वी त्यांना परत पाठवले होते. कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. पालकांच्या घोषणापत्रावर सातही मुलांना त्याच आठवड्यात वयानुरूप वर्गांत घेतले. अकरा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नसताना पाचवीत कसे बसवायचे, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त होता. कलम ४ मध्ये त्याचेच उत्तर आहे: नाव वयाच्या वर्गात, आणि सोबत विशेष प्रशिक्षण. रोज सकाळी पहिल्या दोन तासिका त्यासाठी ठेवल्या.

यादीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘मागे कोण राहणार’ हा ठरला. ११ कुटुंबांत उत्तर होते: कोणीच नाही.

समोरचे पर्याय

ऑगस्टच्या पहिल्या बैठकीत चार पर्यायांवर बोलणे झाले.

पहिला, आहे तसे चालू देणे. तो मागे पडला तरी त्याची बाजू मांडली गेली, आणि ते बरे झाले. खरी हजेरी लावली तर मुलींचा उपस्थिती भत्ताही जाईल, हा मुद्दा तिथे निघाला. पहिली ते चौथीतल्या पात्र मुलींना हजर दिवसाला १ रुपया, वर्षाला फार तर २२० रुपये, आणि त्यासाठी ७५ टक्के उपस्थिती हवी. यादीतल्या नऊ मुलींचे हे पैसे बुडणार होते. रक्कम लहान आहे म्हणून तो मुद्दा लहान ठरत नाही. त्या घरांत २२० रुपये मोजून घेतले जातात. त्या नऊ घरी जाऊन हे आधी सांगायचे, असे ठरले आणि सांगितलेही.

दुसरा, हंगामी वसतिगृह. यात मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण शाळेत, दुपारचा पोषण आहार नेहमीचा. चालवायचे शाळा व्यवस्थापन समितीने.

तिसरा, शिक्षण हमी कार्ड. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने कार्डावर त्याला बसवून घ्यायचे, नाव मूळ शाळेच्या पटावरच राहते. शिक्षकांची पदाची भीती याच तरतुदीने कमी झाली. तीन शिक्षकांना हे माहीतच नव्हते. ते समजत होते की मूल दुसरीकडे बसले की दाखला द्यावा लागतो आणि नाव जाते.

चौथा, काही न करता मुले परतल्यावर एप्रिल आणि जूनमध्ये जादा वर्ग. सर्वांत सोपा आणि सर्वांत तोकडा. पाच महिन्यांचे नुकसान चार आठवड्यांत भरत नाही. पण जी मुले जाणारच त्यांच्यासाठी तो लागणार होता.

ठरले ते असे: राहू शकणाऱ्यांसाठी वसतिगृह, जाणाऱ्यांसाठी कार्ड, परतणाऱ्यांसाठी जादा वर्ग. आणि सर्वांसाठी खरी हजेरी.

पहिला कठीण निर्णय : मागच्या हजेरीचे काय करायचे

जुने हजेरीपट दुरुस्त करायचे का? मुख्याध्यापिकांनी त्याला हात लावला नाही. जुना कागद बदलणे हे खोट्यावर दुसरे खोटे झाले असते. त्यांनी समितीसमोर धान्याच्या खोलीतला प्रत्यक्ष साठा वजन करून पंचनामा केला, नोंदवहीतला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा दोन्ही लिहिले, सर्वांच्या सह्या घेतल्या आणि प्रत केंद्रप्रमुखांकडे पाठवून पोच घेतली. कोणावर आरोप लिहिला नाही; त्या पत्रात तारीख, वजन आणि सह्या एवढेच होते.

पुढे नोव्हेंबरात शाळेने २० मुले स्थलांतरित असल्याची नावनिशीवार यादी पाठवली, तेव्हा वरून विचारणा झाली. तालुक्याचा आकडा शून्य असताना तुमच्याच शाळेत एवढी मुले कशी? तोंडी उत्तर देऊन सुटता आले असते. त्यांनी त्याच यादीची दुसरी प्रत कुटुंब, कारखाना आणि कार्ड क्रमांकासह पाठवली आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचीही आहे, याचा एका ओळीत उल्लेख केला. यादी परत आली नाही. अशा वेळी मुख्याध्यापकाला वाचवते ते आवक-जावक रजिस्टर. तोंडी झालेले काहीच टिकत नाही.

वसतिगृह, आणि मधले साडेपाच आठवडे

सप्टेंबरअखेर ३४ मुलांच्या पालकांनी त्यांना मागे ठेवायचे कबूल केले, १३ जाणार होती. कबुली सहज आली नाही. प्रत्येक घरी प्रश्न वेगळा होता. “पोरगी कोणाच्या भरवशावर ठिवू मॅडम? म्हातारीला रातचं दिसत नाही,” हे एका आईचे बोलणे म्हणजे त्या सगळ्या चर्चेचा गाभा होता. वसतिगृह म्हणजे जेवण, पण आईची काळजी रात्रीची असते.

मागे राहणाऱ्या १५ मुलींपैकी सहा जणींच्या घरी रात्री एकच थकलेले माणूस असणार होते. त्या सहा जणींना दोन-दोन करून तीन घरांत ठेवले. प्रत्येक घरात एक जाणती बाई, आणि घर मुलीच्या आईने स्वतः पसंत केलेले. कोणती मुलगी कोणाकडे, ही यादी आयांच्या सही-अंगठ्याने शाळेत आणि अंगणवाडीत ठेवली. समितीतल्या दोन बायका आळीपाळीने रात्री नऊला त्या तीन घरी फेरी मारीत. या व्यवस्थेला कोणत्याही योजनेत पैसा नाही. तरी हीच व्यवस्था नसती तर मुली राहिल्याच नसत्या.

धाकट्या भावंडांचेही तसेच. तीन ते सहा वर्षांची लेकरे आजीकडे आणि अंगणवाडीत राहू शकली. तीन वर्षांखालची मुले आईबरोबर जाणारच, आणि मग त्यांना सांभाळायला कोणीतरी हवे. अशी आठ कुटुंबे होती. त्यांतल्या चार कुटुंबांनी मुलीऐवजी आजीला बरोबर नेले. बाकी चौघांकडे तो मार्ग नव्हता, आणि शाळेकडेही नव्हता.

वसतिगृहाचा प्रस्ताव सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. मंजुरी आली दिवाळीनंतर, म्हणजे गाडी-ट्रॅक्टर निघू लागल्यावर साडेपाच आठवड्यांनी. त्या काळात शाळेने किराणा उधारीवर आणला, शिक्षकांनी वर्गणी काढली, दोन शेतकऱ्यांनी ज्वारी दिली. पहिले बारा दिवस फक्त रात्रीचे जेवण होते, नाश्ता नव्हता. दिवाळीच्या सुटीत तर शाळाच बंद. त्या सुटीत आणि तिच्या आगेमागे ३४ मधली सात मुले गेली. आईबाप फोनवर विचारीत, जेवण सुरू झाले का. उत्तर ठाम नसले की मुकादमाच्या पुढच्या गाडीने मूल बोलावून घेत. शिक्षकांनी वर्गणी काढली याचे कौतुक झाले, पण सहा महिन्यांचे जेवण वर्गणीवर उभे राहत नाही आणि राहू नये.

पंगतीचा प्रश्न

रात्रीच्या जेवणासाठी दोन स्वयंपाकी नेमायच्या होत्या. चार अर्ज आले. समितीने निवडलेल्यांपैकी एक मातंग समाजातली विधवा. आधी स्वतः ऊसतोडीला जात होती, टोळीचा स्वयंपाक करायची सवय, मुलगी पाचवीत याच शाळेत. २००४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यान्ह भोजनाच्या संदर्भात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य देण्याचा आदेश दिला आहे. वसतिगृहाचे जेवणही त्याच चुलीवर, त्याच शाळेत. तेव्हा निवडीला आधारही होता.

तिसऱ्या दिवसापासून नऊ मुले रात्री डबा घेऊन येऊ लागली. विचारले तर ‘घरचं आवडतं’. पाचव्या दिवशी गावातली दोन वजनदार माणसे भेटायला आली. त्यांचे म्हणणे: दुसरी बाई लावा, वाद मिटेल, मुलांचे नुकसान नको.

मुख्याध्यापिकांसमोर तीन वाटा होत्या. बाई बदलणे. दोन्ही स्वयंपाकिणींना वेगवेगळ्या चुली देऊन ‘ज्याला जे हवे ते’ करणे. किंवा आहे तेच चालू ठेवणे. दुसरी वाट समितीतल्या काही भल्या माणसांनाही पटली होती, म्हणून तिच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. दोन चुली म्हणजे शाळेने स्वतःच्या हाताने अस्पृश्यता मान्य करणे. शाळेच्या आवारात दोन पातेली वेगळी झाली की पुढे दोन हंडे, दोन रांगा होतात, आणि मुलांना ते पाठ्यपुस्तकापेक्षा पक्के शिकवले जाते.

नेमणूक कायम राहिली. मुख्याध्यापिकांनी भेटायला आलेल्या त्या दोन माणसांना अस्पृश्यता नष्ट करणारे राज्यघटनेचे कलम १७ ऐकवले नाही. निवड कशी झाली ते इतिवृत्त वाचून दाखवले आणि “तक्रार असेल तर लेखी द्या, समितीसमोर ठेवते” एवढे सांगितले. लेखी कोणी दिले नाही. मुलांवर जबरदस्ती केली नाही. डबा आणणाऱ्या मुलालाही त्याच पंगतीत बसवले, बाजूला काढले नाही. पंगत आतापर्यंत वस्तीवार बसत होती, कारण मुले एकत्र येत आणि तशीच बसत. ती गटवार केली: प्रत्येक गटात मोठ्या वर्गाचे एक, लहान वर्गाची दोन मुले, वाढणे आणि ताटे धुणे गटाचे. एक शिक्षक आणि मुख्याध्यापिका रोज त्याच पातेल्यातले जेवत. पाच आठवड्यांत नऊपैकी सहा मुले शाळेचे जेवू लागली. तीन शेवटपर्यंत डबाच आणत राहिली.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटली. स्वयंपाकी बाईंच्या मुलीला वर्गात बोलणी बसत होती. तीन आठवड्यांनी ती परिपाठाला मागे उभी राहू लागली तेव्हा वर्गशिक्षिकेने विचारले. मोठी माणसे आपसांत वाद मिटवीत होती तेव्हा त्या वादाचे ओझे दहा वर्षांच्या मुलीने एकटीने उचलले होते. वर्गात त्यावर बोलणे झाले, चिडवणाऱ्या दोन मुलांच्या घरी शिक्षिका स्वतः गेल्या. पण हे पहिल्या दिवशी व्हायला हवे होते.

जिथे पाऊल चुकले

यादीतली एक मुलगी आठवीत, वय चौदा. तिला मागे ठेवायला घरचे आधी तयार होते. ऑक्टोबरात अंगणवाडी सेविकेच्या कानावर आले की तिचे लग्न ठरते आहे. ऊसतोडीत जोडपे म्हणजे कोयता, कोयता म्हणजे उचल; हंगामापूर्वीच्या लग्नांमागे हा हिशोब अनेकदा असतो, आणि मुलगी एकटी मागे ठेवण्याची भीतीही.

मुख्याध्यापिकांनी त्याच दिवशी ग्रामसेवकांना कळवले. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच, त्यामुळे कायद्याने हे बरोबर होते. ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्यांच्या देखत, घरी गेले आणि नोटीस दिली. तिसऱ्या पहाटे ते कुटुंब ठरलेल्या तारखेच्या आठ दिवस आधी निघून गेले. सोबत मुलगी. दिलेला फोन बंद.

कळवणे चूक नव्हते, ते करायलाच हवे होते. चुकले ते क्रमात आणि पुढच्या तयारीत. आईशी कोणी एकांतात बोलले नव्हते, आणि आई या लग्नाला राजी नव्हती हे नंतर समजले. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला असता तर बालकल्याण समितीपर्यंत बाब गेली असती आणि कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावरही पाठपुरावा राहिला असता. मुकादमाचे आणि कारखान्याचे नाव शाळेच्या यादीत होते; ते ग्रामसेवकांना दिलेच गेले नाही. म्हणजे नेमकी माहिती शाळेकडे असून ती कपाटात राहिली.

निष्पत्ती

२७ मुले पूर्ण हंगाम गावात राहिली. गेलेल्या २० पैकी १३ जणांना निघण्यापूर्वी हमी कार्ड हातात दिले होते. उरलेल्या सातांपैकी सहा जणांना फोनवर फोटो पाठवला. प्रत्यक्ष शाळेत बसली ११. न बसलेल्या नऊ मुलांची कारणे वेगवेगळी. चौघे कर्नाटकात, जवळची शाळा कन्नड. तिघी तान्ह्या भावंडांपाशी. एकाच्या कोपीपासून (तोडणी मजुरांच्या झोपडीपासून) शाळा चार किलोमीटर. आणि एक, आठवीतली ती मुलगी. जी ११ बसली त्यांच्या बाबतीत कार्डापेक्षा फोन उपयोगी पडला. वर्गशिक्षकांनी तिथल्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करून मुलाचे नाव आणि वर्ग सांगितला होता. नुसते कार्ड घेऊन गेलेल्या दोन मुलांना आधी दाखला आणायला सांगून परत पाठवले होते. फोन गेल्यावर बसवून घेतले.

पाडव्यानंतर १८ परत आली. त्यांना वर्गानुसार न बसवता वाचनाच्या पातळीनुसार तीन गटांत घेतले: अक्षर-शब्द, वाक्य, परिच्छेद. गणितात बेरीज-वजाबाकी हातची घेऊन येते का, तिथून सुरुवात. चार आठवडे रोज दोन तास, आणि जूनपासून पुन्हा तीन आठवडे. वाक्याच्या गटातली बरीच मुले परिच्छेदापर्यंत पोचली. अक्षरांच्या गटातल्या पाच मुलांना एवढा वेळ पुरला नाही.

नोव्हेंबर ते मार्च शाळेची सरासरी उपस्थिती कागदावर मागच्या वर्षापेक्षा बरीच खाली आली. तांदळाचा खप आणि हजेरी पहिल्यांदा जुळली. पद एकही गेले नाही.

परत न आलेल्या दोघांत सातवीचा एक मुलगा आहे. तो मामाच्या टोळीबरोबर पुढे वीटभट्टीवर गेला. दुसरी, आठवीतली ती मुलगी.

वेगळे काय करता आले असते

प्रस्ताव जुलैत जायला हवा होता. त्यासाठी कुटुंबवार यादी जूनच्या शाळाप्रवेशाबरोबरच करावी लागते, कारण मंजुरीला दोन-अडीच महिने लागतात आणि ट्रॅक्टर दसऱ्याला निघतो. दुसऱ्या वर्षी यादी जूनअखेर तयार झाली आणि प्रस्ताव १८ जुलैला गेला. दिवाळीच्या सुटीतल्या जेवणाची सोय त्यातच वेगळी लिहिली. आदल्या वर्षी सर्वांत जास्त मुले त्याच दिवसांत निसटली होती.

स्वयंपाकी बाईंची निवड वाद नको म्हणून लहान बैठकीत, पाच-सहा जणांत झाली. ती ग्रामसभेत व्हायला हवी होती. आडबाजूला घेतलेल्या निर्णयावर पुढे बोट ठेवणे सोपे जाते, आणि निवडलेल्या बाईलाही आपण चोरून आलो असे वाटते. समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असाव्यात, असे कायदा सांगतो. इथे संख्या पूर्ण होती. पण बैठक दुपारी दोनला ठेवली की मजुरीवर जाणाऱ्या आया येऊ शकत नाहीत, आणि मग सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. आता बैठक संध्याकाळी साडेसातला होते. पहिल्या अशा बैठकीत पारधी वस्तीवरच्या एका आईने विचारले की तिच्या मुलाला रोज फळ्याजवळ का बसवतात, त्याला दुरूनही दिसते. शिक्षकांना वाटत होते आपण त्याच्याकडे लक्ष देतो आहोत; मुलाला वाटत होते आपल्यावर पाळत आहे.

कन्नड शाळेजवळ गेलेल्या चार मुलांसाठी यंदाही तोडगा नाही. मराठी पाठ्यपुस्तके आणि स्वाध्याय बरोबर दिले, टोळीतल्या दहावी झालेल्या एका तरुणाला रोज तासभर बसायला राजी केले. ते शाळेची जागा घेत नाही.

आठवीतल्या मुलीबद्दल मे महिन्यात एक माणूस शाळेत आला. तिचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता आणि त्यावर जन्मतारीख चार वर्षे मागची हवी होती. तो तिच्या सासरचा. मुख्याध्यापिकांनी दाखल-खारीज रजिस्टर उघडून मूळ नोंद त्याला दाखवली आणि मागणी लेखी घेतली. त्याच दिवशी त्यांनी १०९८ वर फोन केला आणि पोलीस ठाण्यात, ग्रामसेवकांकडे अर्जाच्या प्रतीसह लेखी कळवले. या वेळी मुकादमाचे आणि कारखान्याचे नावही सोबत दिले. बालकल्याण समितीसमोर ते प्रकरण चालू आहे. रजिस्टरमधली जन्मतारीख पहिलीत दाखल होताना लिहिली होती तीच आहे, आणि अर्ज आवक क्रमांकासह त्या पानाला जोडलेला आहे.